रानवाटेवरची सोबतीण

पेनसिल्व्हेनियात स्थायिक होऊन नागरिकत्व मिळाल्यानंतर मी नेमबाजी शिकलो आणि एका स्नेह्यांच्या मालकीच्या रानात सकाळच्या फेरफटक्याला रायफल बरोबर नेण्याची सवय लागली. महाराष्ट्रातील वाचकांना हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे शस्त्र घेऊन जंगलात हिंडण्याची कल्पनाही कायद्यात बसत नाही. इथल्या ग्रामीण भागात मात्र हलकी रायफल हातात घेऊन रानात फिरणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे.

अशा फेरीत तीन तासांत जेमतेम वीस गोळ्या झाडल्या जातात आणि उरलेला सगळा वेळ रायफल नुसती वाहायची असते. माझी पहिली रायफल जाड नळीची आणि दुर्बीण बसवलेली होती. नेम अचूक लागे, पण दुसरा ओढा ओलांडेपर्यंत खांदा भरून येई आणि दुर्बिणीमुळे ती मधोमध मुठीत धरताच येत नसे. म्हणून आता मी कोणतीही रायफल आधी एका हातात, तोलाच्या बिंदूवर धरून पाहतो. तिथे बोटे नीट वळली नाहीत, तर पुढे विचार करत नाही.

काडतुसाबद्दल मला कधीच शंका नव्हती. 1887 मध्ये आलेले .22 लाँग रायफल हे काडतूस आवाजाला बेताचे आणि धक्क्याला नगण्य असून त्याची शिशाची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची असते. पन्नास काडतुसांची डबी सदऱ्याच्या खिशात मावते.

रुगर कंपनीची 1964 पासूनची 10/22 ही या कामासाठी बहुतेकांची पहिली पसंती आहे आणि ती योग्यच आहे. वजन सुमारे 2.3 किलो, शिवाय दहा गोळ्यांचे गोल मॅगझिन (काडतुसे भरण्याची पेटी) खालच्या लाकडाशी सपाट बसत असल्याने हाताला काही टोचत नाही. पण मी डावखुरा आहे, आणि उजवीकडे उडणाऱ्या पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी आवरणे, माझ्या चेहऱ्यासमोरून जातात. हेन्री कंपनीची लिव्हरवाली, म्हणजे चापाखालची दांडी ओढून पुढची गोळी भरायची रायफल मला मनापासून आवडली, तरी तिथेही अडचण तीच होती.

शेवटी अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली एसए-22 ही रायफल हाती आली. बेल्जियममधील एफएन कारखान्यात 1914 च्या सुमारास तिचे उत्पादन सुरू झाले. तिच्या पुंगळ्या थेट खाली पडतात, त्यामुळे डावखुऱ्याला आणि उजव्या हाताच्या माणसाला ती सारखीच सोयीची आहे. पुढच्या हाताच्या बाहीचे बटण तेवढे लावलेले असावे, नाहीतर गरम पितळ आत शिरते. काडतुसे दस्त्याच्या आतील नळीत भरली जातात, म्हणून मधला भाग सडपातळ राहिला आहे आणि तो माझ्या मुठीत पूर्ण मावतो. पुढच्या लाकडाजवळची खिट्टी सरकवून गोळी सुटते त्या नळीला पाव वळसा दिला की रायफलीचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही साध्या पाठपिशवीत जातात. कमी उजेडात तिच्या उघड्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) नेम धरणे माझ्या वयाला थोडे जड जाते, पण दुर्बीण लावून तिचा तोल बिघडवण्याची माझी तयारी नाही.

मी मातीच्या उंच बांधाला टेकवलेल्या पाइनच्या फळांवर नेम धरतो. बांध नसेल तिथे चापाला बोट लावत नाही, कारण एवढीशी गोळीही एक किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते. राष्ट्रीय वनांमध्ये घर, इमारत किंवा तळाच्या जागेपासून 150 यार्डांच्या आत गोळी झाडण्यास मनाई आहे. खासगी रानातही मी ते अंतर काटेकोरपणे पाळतो.

गेल्या आठवड्यात पहिले दव गोठले होते. पंचवीस पावलांवरचे तिसरे फळ उडाले, तेव्हा खाली पडलेल्या पुंगळीभोवतीचे दव रुपयाएवढ्या गोलात वितळलेले दिसले. ती उचलून खिशात टाकली आणि रायफल रिकामी करून परतीच्या वाटेला लागलो.