वाल्सचे कल्सोत आणि कातालुन्यातली दुपारची जेवणं

हिवाळ्यात बार्सिलोनाला जाणार असाल तर एक दिवस शहराबाहेर काढा आणि स्पेनच्या कातालुन्या प्रदेशातल्या वाल्स या गावी कल्सोत खायला जा. फेब्रुवारीतल्या आमच्या आठ दिवसांत मला सगळ्यात जास्त आनंद त्या दिवसाने दिला, म्हणून आधी त्याचंच सांगते.

कल्सोत म्हणजे पांढऱ्या कांद्याचे लांब कोंब. तयार कांदा काढून पुन्हा लावतात आणि कोंब वाढतील तशी त्यांना मातीची भर देत जातात. ऊन न लागल्यामुळे दांडा पांढरा, कोवळा, गोड राहतो. कातालान भाषेत भर देण्याला ‘कल्सार’ म्हणतात, नाव त्यावरूनच आलं. हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी वाल्समध्ये कल्सोतांची मोठी जत्रा भरते, खाण्याच्या स्पर्धाही होतात. निवांत जेवायचं असेल तर तो रविवार सोडून जा.

आम्ही गावाबाहेरच्या एका मासियात, म्हणजे जुन्या शेतघरात, जेवलो. परसात द्राक्षवेलींच्या छाटणीच्या वाळक्या काड्यांचा मोठा जाळ केला होता. कल्सोत निखाऱ्यांवर नाही, त्या जाळावरच भाजतात. वरचं साल पार कोळसा झालं की वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात. त्या वाफेत आतला गर लोण्यासारखा मऊ होतो. मग ती जुडी नळीच्या कौलावर ठेवून टेबलावर येते, अगदी कोकणातल्या जुन्या घरांवर असायचं तसल्या कौलावर! कौल गरम राहतं, त्यामुळे शेवटचा कल्सोतही ऊन मिळतो.

खायची रीत अशी: एका हाताने हिरवी पात धरायची, दुसऱ्याने बुडखा चिमटीत पकडून काळं साल खाली ओढायचं. पांढरा दांडा अलगद बाहेर येतो. तो सॉसमध्ये बुडवायचा, उंच धरायचा, मान मागे टाकायची आणि वरून तोंडात सोडायचा. पात खायची नाही. गळ्यात लाळेरं बांधतात, तरी जुने कपडे घाला. हात कोपरापर्यंत काळे होतात आणि धुराचा वास स्वेटरमधून दोन दिवस जात नाही. सॉसमध्ये भाजलेले टोमॅटो आणि लसूण, बदाम, हेझलनट, वाळवलेली गोडसर न्योरा मिरची, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर असतं. रोमेस्को या कातालान सॉसच्याच घराण्यातला हा सॉस, वाल्सकडे त्याला साल्विचाडा म्हणतात. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी याला हात लावू नये.

कल्सोत ही फक्त सुरुवात असते. त्याच आगीच्या निखाऱ्यांवर मग कोकराचं मांस आणि बुतिफारा हे डुकराच्या मांसाचं सॉसेज भाजतात, सोबत पांढरा घेवडा. शेवटी संत्रं किंवा क्रेमा कातालाना, वर जाळलेल्या साखरेचा कडक पापुद्रा असलेलं कस्टर्ड. वाइन पुर्रोतून पितात. या काचेच्या भांड्याला निमुळती तोटी असते आणि ती ओठांना लावायची नाही, धार वरून घ्यायची. तांब्याने वरून पाणी पिणाऱ्या आपल्या लोकांना हे पटकन जमतं.

शाकाहाऱ्यांनी बुकिंग करतानाच सांगावं: ‘सेन्स कार्न, सेन्स पेश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत. घेवडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. बेदाणे आणि चिलगोजे घातलेली पालकाची भाजी फार सुंदर असते, पण तिच्यातही कधी हॅमचे तुकडे सापडतात. एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, ऑलिव्ह तेलात. वर अँचोव्ही, म्हणजे खारवलेले छोटे मासे, नाहीत ना, एवढं विचारा. पावावर टोमॅटो चोळून तेल-मीठ घातलेलं पा अम्ब तुमाकेत मात्र सगळ्यांना चालतं आणि सगळीकडे मिळतं.

मासियात शनिवार-रविवारी बुकिंगशिवाय जागा मिळणं कठीण. वाल्सला रेल्वेने जाता येतं, पण गाड्या मोजक्याच असतात. परतीची वेळ आधी बघा आणि मासिया गावापासून किती लांब आहे तेही विचारून ठेवा.

शहरात जेवणाच्या वेळा पाळा. पहिल्या दिवशी आम्ही संध्याकाळी सात वाजता भुकेले फिरत होतो आणि स्वयंपाकघरं बंद होती. दुपारी दीड ते साडेतीन आणि रात्री साडेआठनंतर, हे त्यांचं वेळापत्रक. दुपारचं ‘मेनू देल दिया’ हे ठरावीक जेवण कामाच्या दिवशी घ्या, तेच सगळ्यात परवडतं. रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर पाएया (भाताचा पदार्थ) आणि सांग्रिया (फळं घातलेली वाइन) यांच्या पाट्या दिसतील, पण पाएया मूळची शेजारच्या वालेन्सिया प्रदेशाची. बोकेरिया बाजार रविवारी बंद असतो.

कावा प्यायची असेल तर सांत सादुर्नी दानोया या गावाला अर्धा दिवस द्या. कोदोर्निऊ या वाइन कंपनीने 1872 साली ही फेसाळ वाइन पहिल्यांदा इथेच केली. बार्सिलोनाहून आर 4 लोकल जाते आणि फ्रेशनेत या दुसऱ्या कावा कंपनीच्या तळघरांची इमारत स्टेशनला अगदी लागून आहे. तळघरं थंड असतात, स्वेटर घेऊन जा. वाल्सला नेलेला नको.