बदलीवर गेलेली मुलगी

रविवारी संध्याकाळी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या घरी आठ-दहा जण सिनेमा बघायला जमतात. नवा आलेला माणूस दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न विचारतोच. "काकू, त्याच दिग्दर्शकाचा 'सनसेट बुलेव्हार्ड' एवढा नावाजलेला असताना तुम्ही हा पडलेला 'फेडोरा' कशाला लावता ओ?" चहा ओतता ओतता मी काहीतरी तुटक उत्तर देत आले. तुम्ही परत विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

दोन्ही सिनेमे बिली वाइल्डरचे. दोन्हींत उतरणीला लागलेली मोठी नटी, तिचा बंद बंगला, आणि विल्यम होल्डन. १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये तो कफल्लक तरुण पटकथालेखक होता. १९७८ च्या 'फेडोरा'त तोच होल्डन साठीचा, एक संहिता घेऊन वणवण करणारा निर्माता आहे. वाइल्डर स्वतः तेव्हा बहात्तरीला पोचलेला. हॉलिवूडच्या स्टुडिओनं अंग काढून घेतलं, तेव्हा जर्मन-फ्रेंच पैशावर त्यानं हा सिनेमा युरोपात उभा केला. त्यातला निर्माता एकदा म्हणतो की आता धंदा दाढीवाल्या पोरांच्या हातात गेलाय. ते वाक्य ऐकताना मला होल्डन दिसत नाही, वाइल्डर दिसतो.

पहिल्याच दृश्यात फेडोरा आगगाडीखाली जीव देते. मग होल्डन दोन आठवड्यांमागची हकिकत सांगू लागतो. ग्रीसमधलं कॉर्फू, तिथल्या एका बेटावर बंगला, चाकाच्या खुर्चीतली कडवट म्हातारी काउंटेस, एक डॉक्टर, आणि इतकं वय होऊनही चेहऱ्यावर सुरकुती नसलेली फेडोरा. काळा चष्मा, मोठी हॅट, हातमोजे.

रहस्य सांगून टाकते, कारण वाइल्डरही ते शेवटपर्यंत दाबून ठेवत नाही. खरी फेडोरा म्हणजे ती खुर्चीतली म्हातारी. तरुण राहण्याच्या उपचारात तिचा चेहरा बिघडला. पुढे ऑस्करवाल्या अकादमीचे अध्यक्ष सन्मानाचं ऑस्कर घेऊन घरी यायचे होते, तेव्हा तिनं आपल्या मुलीला, अंतोनियाला, स्वतःच्या जागी बसवलं. (हे अध्यक्ष म्हणजे खुद्द नट हेन्री फोंडा, स्वतःच्याच नावानं आलेला.) तेवढ्या एका भेटीपुरतं. पण ते इतकं बेमालूम जमलं की सिनेमे चालून आले, आणि मुलगी आईच्या नावानं कामाला लागली.

इथं मला दरवेळी माझे बाबा दिसतात. ते गिरणीत बदली कामगार होते. भोंगा व्हायच्या आत फाटकाशी जाऊन उभं राहायचं. साचेखात्यातला, म्हणजे कापड विणायच्या मागांवरचा, कुणी कायम माणूस आला नाही, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं काम. सगळे आले तर डबा तसाच घरी. मग दुपारी ती भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही पोरं खायचो आणि आई काही बोलायची नाही. काम मिळालं त्या दिवशी ती विचारायची, "आज कुणाच्या साच्यावर?" बाबा एक नाव सांगायचे. रोज वेगळं. ते कायम व्हायच्या आधीच गिरणी बंद पडली.

तरी बाबा संध्याकाळी घरी येऊन आमचे बाबा व्हायचे. अंतोनियाला ती संध्याकाळच नाही. शूटिंगमध्ये मायकल यॉर्क या नटावर तिचा जीव जडतो (तोही स्वतःच्याच नावानं आहे), आणि त्याला खरं सांगावं असं तिला वाटतं. आई आडवी येते. पुढे व्यसन, कोंडून ठेवणं, आणि ती आगगाडी. 'सनसेट बुलेव्हार्ड'मधली नॉर्मा स्वतःला फसवते, एका पुरुषाचा जीव घेते, आणि शेवटी तिचं वेड आपल्याला हलवून जातं. पण तिनं आपल्या लेकराला स्वतःच्या नावानं जगायला लावलेलं नाही. म्हणून मला हा नंतरचा सिनेमा जास्त भीषण वाटतो, आणि जास्त खराही.

त्यात उणिवा आहेत. फेडोरा झालेल्या मार्थे केलरकडे बघून हिच्यासाठी जग वेडं झालं होतं हे पटत नाही. काउंटेससाठी वाइल्डरला मार्लेन डिट्रिश हवी होती, तिनं नकार दिला. हिल्डेगार्ड क्नेफनं ते काम केलं आणि मला ती आवडते. इंग्रजी आवृत्तीत केलर आणि क्नेफ या दोघींचे आवाज एका तिसऱ्याच नटीनं डब केलेत. पहिल्यांदा तो आवाज मला खटकला होता. दुसऱ्यांदा पाहताना लेकीच्या तोंडून आईचाच आवाज येतोय हे जाणवलं आणि अंगावर काटा आला.

आपल्या सोलापूरच्या शशिकलाबाईंचं मी नेहमी मधेच काढते, आजही काढते. वडिलांचा धंदा बुडाला म्हणून लहान वयात मुंबईला जाऊन कमवायला लागलेली ही मुलगी. 'आरती' आणि 'गुमराह'साठी फिल्मफेअर मिळालं. पुढे सगळं सोडून त्या मदर तेरेसांच्या कामात काही वर्षं राहिल्या, आणि परत आल्या तेव्हा वयाला साजेशा भूमिका करत राहिल्या. फेडोराला एवढंच जमलं असतं तर अंतोनिया वाचली असती.

सिनेमाच्या शेवटी पॅरिसमध्ये अंत्यदर्शन चालू असतं. दिवे, फुलं, संगीत, सगळं त्या म्हातारीच्या मनाजोगतं मांडलेलं. लोक रांगेनं फेडोरापुढून सरकतात. पेटीत अंतोनिया असते.

बाबा गेले त्या दिवशी घरी चार-पाच म्हातारी माणसं आली होती, साचेखात्यातली. त्यातले एक दारातच थांबले, चप्पल काढली आणि आईला म्हणाले, "वहिनी, माझा साचा हेच चालवायचे."