रिकाम्या हाताने जाऊ नये

“आवरलं का रे?” असं आई मला अजून विचारते. मी चोपन्न वर्षांचा आहे, डोक्यावरचं बरंचसं निसर्गानेच आवरून नेलंय, तरी सकाळी साडेआठला हा प्रश्न स्वयंपाकघरातून येतोच. तिला नेमकं काय विचारायचंय ते आपणच ओळखायचं. आंघोळ आवरली का, नाश्ता आवरला का, की पलंगावर टाकलेला ओला टॉवेल आवरला का. (बहुतेकदा टॉवेलच.) आपल्याकडे पसारा आवरतात, रडू आवरतात, राग आवरतात, भाषण लांबलं तर तेही आवरतं घेतात. एकाच शब्दावर इतकी कामं टाकणाऱ्यांनी घरात बरीच माणसं आणि थोडी जागा पाहिलेली असणार.

आम्ही पाहिली होती. मी वाढलो नायगावच्या बीडीडी चाळीत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाच्या सरकारी खात्याने १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत सहा माणसं. आता लोक विचारतात, एका खोलीत सहाजण कसे राहायचात? खरं सांगायचं तर आम्ही एका खोलीत राहतच नव्हतो. पाच-सहा खोल्यांत राहायचो, फक्त त्या एकामागून एक यायच्या. पहाटे ती निजायची खोली असे. गाद्यांच्या वळकट्या होऊन खाटेखाली गेल्या की देवघर. मग स्टोव्ह पेटला की स्वयंपाकघर. दुपारी शेजारणी आल्या की दिवाणखाना, संध्याकाळी माझा आणि ताईचा अभ्यास, आणि रात्री परत गाद्या. आधीची खोली आवरून ठेवल्याशिवाय पुढची उघडतच नसे. गादी गुंडाळली नाही तर पोळपाट कुठे मांडणार? त्यामुळे आमच्याकडे टापटीप हा गुण वगैरे नव्हता. ती लोकलसारखी होती, एक गाडी फलाटावरून हलल्याशिवाय दुसरी लागत नाही.

घड्याळाचं काम रेडिओ करायचा. सकाळी सातच्या सुमारास प्रादेशिक बातम्या लागायच्या. त्या संपेपर्यंत ज्याची गोधडी त्याने घडी करून ठेवायची. बातम्या संपून पुढचा कार्यक्रम सुरू झाला आणि कोणी अजून चादरीत असला, तर आई त्याला चादरीसकट गुंडाळायला घ्यायची. धाकटा भाऊ एकदा खरोखरच वळकटीत गेला होता.

आता आम्ही डोंबिवलीला राहतो. दोन बेडरूम, हॉल, किचन. माणसं चार आणि जागा चौपट, म्हणजे हिशेबाने घर चकाचक असायला हवं. पण प्रत्येक कामाला वेगळी खोली मिळाली आणि काहीच आवरावं लागेनासं झालं. आज पसरलेलं उद्यापर्यंत पसरून राहू शकतं, कोणाचं अडत नाही. याचा मूर्तिमंत पुरावा म्हणजे आमचं डायनिंग टेबल. हौसेने घेतलं, सहा खुर्च्यांचं. त्यावर सध्या बीपीच्या गोळ्यांचा डबा, वीजबिल, तीन चार्जर (पैकी एक कशाचा ते कोणालाच माहीत नाही), लोणच्याची बरणी, पिकायला ठेवलेला चिकू आणि लेकीचं हेल्मेट एवढे जण बसतात. आम्ही टीव्हीसमोर ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

आईने मात्र जागा वाढली म्हणून नियम सैल केले नाहीत. तसे तिचे नियम फार नाहीतच, आणि मुख्य नियम एकच आहे: रिकाम्या हाताने जायचं नाही. हॉलमधून स्वयंपाकघरात निघालायस ना, मग तो कप घेऊन जा. स्वयंपाकघरातून आत जातोयस, वाळलेले मोजे ने. उठायचंच आहे, जायचंच आहे, हात का मोकळा न्यायचा? तिला “आज घर आवरायला काढलंय” असं म्हणताना मी कधी ऐकलेलं नाही. घर आवरायला बसणं ही तिच्या लेखी दिवाळीची गोष्ट, किंवा मग आजारी माणूस बरा झाल्यावरची. एरवी ते जाता-येता होतं. ती एका दिवसात किती फेऱ्या मारायची आणि प्रत्येक फेरीत किती लहान गोष्ट हलायची, हे मला लहानपणी दिसलंच नाही. वाटायचं, वस्तू आपोआप जागेवर जातात.

दुसरा नियम रात्रीच्या ओट्याचा. खरकटी भांडी ठेवून निजायचं नाही, रात्री लक्ष्मी येते, असं आजी सांगायची. आई लक्ष्मीचं नाव घेत नाही, झुरळांचं घेते. दोघींचा ओटा सारखाच स्वच्छ. शेगडीवरच्या जाळ्या उचलून खालची सांडलेली डाळ पुसायची, फडकं पिळून नळाच्या मानेवर वाळत घालायचं, सिंकच्या जाळीतला कढीपत्ता काढून ओल्या कचऱ्यात, मग दिवा बंद. सात-आठ मिनिटांचं काम. हे एक काम मी हट्टाने स्वतःकडे घेतलंय आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे, कारण सकाळी चहा ठेवण्याआधी पातेलं घासावं लागलं की तो दिवस उधारीवरच सुरू होतो.

तिसरा नियम केराचा. दिवे लागायच्या आत केर निघाला पाहिजे, दिवेलागणीनंतर केरसुणी हातात घ्यायची नाही. कंदिलाच्या उजेडात चमकी किंवा मंगळसूत्राचा मणी पडला असेल तर केरातून बाहेर जाईल, हे त्यामागचं शहाणपण. आमच्या हॉलमध्ये आता एवढे एलईडी आहेत की मणी काय, मोहरीही दिसावी. तरी संध्याकाळी साडेसहाला आईची नजर कोपऱ्याकडे जातेच. झाडू कोणता हाही तिच्यासाठी प्रश्न आहे. लक्ष्मीपूजनाला शिंदीच्या पानांची केरसुणी येते, हळदकुंकू लावून घेते आणि वर्षभर दाराआड मानाने उभी राहते. खरं काम फुलझाडू करतो. नवा फुलझाडू पहिले आठ दिवस स्वतःचाच केर करतो. तुम्ही काढलेल्या केरावर तो आपला पिवळट भुसा सांडत पुढे जातो. म्हणून आई तो आधी खाली नेऊन कंपाउंडच्या भिंतीवर आपटून आणायला लावते. सोसायटीतले लोक बघतात. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन रात्री. आमच्याकडे उलटा क्रम. मी रविवारी सकाळी स्वच्छतेवर कीर्तन करतो आणि खराटा मारायला कोणी राहत नाही.

अशाच एका कीर्तनाच्या भरात मी गेल्या वर्षी स्वयंपाकघर ‘लावायला’ घेतलं. लेकीने मला कुठल्याशा जपानी पद्धतीचे व्हिडिओ दाखवले होते. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि स्वतःला विचारायचं, हिच्यामुळे मला आनंद होतो का? नाही झाला तर काढून टाकायची. लेकीने आजीच्या हातात झारा दिला आणि विचारलं. आई म्हणाली, “अगं, झाऱ्याने आनंद कसला व्हायचाय? पुऱ्या केल्या तर होईल.”

झारा वाचला. पिशव्यांची पिशवीही वाचली. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हापासून आईने जुन्या पिशव्या घड्या घालून जपल्या आहेत, जणू चलनातून गेलेली नाणी. पण डबे वाचले नाहीत. मी फळीवरचे सगळे स्टीलचे डबे उतरवले आणि एकसारख्या चौकोनी पारदर्शक बरण्या आणल्या, चोवीस. प्रत्येकीवर छापील लेबल: तूरडाळ, मूगडाळ, जाडे पोहे, पातळ पोहे. फळी जाहिरातीतल्यासारखी दिसू लागली. मी फोटोही काढला.

तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, “आई, रवा कुठे ठेवलाय?”

“मामाच्या डब्यात,” आई सवयीने म्हणाली, आणि गप्प झाली.

त्या डब्यांवर नावं घातलेली होती. भांड्यांच्या दुकानात मशिनने टिंबं टिंबं पाडून घालून देतात ती. रव्याच्या डब्यावर ‘थोरल्या भावाकडून सप्रेम भेट, १८-५-६९’. साखरेचा डबा आत्याचा, बारशातला. पोह्यांचा डबा चाळीतल्या भिशीतून आलेला, त्याला एका बाजूला पोचा, आणि पोचा भिंतीकडे करूनच तो ठेवायचा. आईला या घरात कोणत्या डब्यात काय आहे हे लक्षात ठेवावं लागत नव्हतं, कारण ते डबे म्हणजे माणसं होती आणि प्रत्येकाकडे काय मिळतं ते ठरलेलं होतं. मी त्यांच्या जागी चोवीस अनोळखी आणले आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवली. ती ओळखपत्रं आईला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हती, आणि चष्मा बहुधा डायनिंग टेबलावर असायचा. पंधरवड्यात थालीपिठाच्या भाजणीचे लाडू वळायला घेतले गेले. बेसन आणि भाजणी पारदर्शक बरणीत फार वेगळी दिसत नाहीत, निदान ऐंशीच्या पुढच्या डोळ्यांना.

सुदैवाने जुने डबे मी मोडीत घातले नव्हते. माळ्यावर होते. एका शनिवारी खाली उतरवले, चिंच लावून घासले, परत फळीवर मांडले. बरण्यांत आता खिळे, बॅटरीचे सेल आणि गणपतीतली तोरणं आहेत आणि त्या कामाला त्या अगदी उत्तम आहेत. त्या जपानी पद्धतीचा मात्र एक फायदा झाला, हे कबूल केलं पाहिजे. चोवीस वस्तू हातात घेऊन पाहिल्या, तेव्हा कळलं की श्रीखंडाचे रिकामे डबे आमच्याकडे एकोणीस होते.

याच काळात एका शेजारणीने बायकोला पंखा पुसायची युक्ती सांगितली. जुना उशीचा अभ्रा पात्यावर पिशवीसारखा चढवायचा, दोन्ही बाजूंनी दाबून बाहेर ओढायचा. सगळी धूळ अभ्र्यात, गादीवर कण पडत नाही. एवढी वर्षं मी ओल्या फडक्याने पुसून धूळ डोळ्यांत घेत होतो. आईला दाखवलं तर ती म्हणाली, “चाळीत पंखाच नव्हता, नाहीतर सुचलं असतं.”

गेल्या पावसाळ्यापासून आई काठी घेऊन चालते. म्हणजे एक हात गेला. मला वाटलं, आता तरी नियम सुटेल. पण ती काठी उजव्या हातात धरते आणि डाव्या हातात काहीतरी असतंच: वाटी, रिमोट, केसांची पिन. रात्री दहाला ती हॉलमधून तिच्या खोलीत जाते, तेव्हा तिला न्यायला काहीतरी उरेल अशा बेताने लेक मुद्दाम टीपॉयवर एखादा चमचा विसरते. मला हे अलीकडेच कळलं.

परवा लेक गावाला गेली होती आणि मी जरा जास्तच आवरून ठेवलं होतं. टीपॉय मोकळा, सोफा मोकळा. आई उठली, काठी टेकली, आणि उभीच राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग माझ्यापाशी आली आणि मी वाचत असलेला पेपर हातातून काढून घेतला.

“अगं आई, वाचतोय मी.”

“दहा वाजले. आवर आता,” म्हणाली, आणि पेपर काखेत मारून गेली.