रात्री तीनला पिंजरा वाजवणारा आमचा भुऱ्या

ससा म्हणजे एकदम शांत प्राणी, आवाजच नसतो त्याला, असं सांगून ज्या दुकानदाराने आम्हाला भुऱ्या विकला ना, त्याच्याकडे याला एकदा आठवडाभर मुक्कामाला पाठवायची माझी फार इच्छा आहे.

डोंबिवलीत वन बीएचके, पिंजरा हॉलमध्ये. दिवसभर हे साहेब पाय ताणून झोपणार आणि रात्री आम्ही लाइट घालवले की सुरू. दातात पिंजऱ्याची तार धरायची आणि हिसडे द्यायचे, खडखडखड, मग जरा गप्प, आपला डोळा लागतो न लागतो तोच परत. मधेच मागचे पाय आपटणार, धप्प! जेमतेम दीड किलोचा जीव, पण खालच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, रात्रीचा मसाला कुटतेस का गं?

आता माझा मूर्खपणा सांगते. पहिल्या रात्री गप्प बसावा म्हणून उठून गाजराचा तुकडा दिला. बसला गप्प. मग रोजच दिला, आणि पंधरा दिवसांत तीन वाजले की तारा वाजायला लागल्या, म्हणजे मीच त्याला शिकवलं की बेल वाजवली की वेटर येतो. मग पिंजऱ्यावर चादर टाकून बघितली, ती त्याने आत ओढून कुरतडली. नवरा म्हणाला बाल्कनीत ठेवू, पण मे महिना, सशांना उकाडा अजिबात सोसत नाही, त्यामुळे ते नको म्हटलं.

सशाला बघणारा डॉक्टर शोधण्यातच आठवडा गेला, जवळचे सगळे कुत्र्या-मांजरांचे. शेवटी ठाण्यात एक मिळाले. त्यांनी पिंजरा केवढा आहे विचारलं, मी हाताने दाखवला तर म्हणाले, यात तुम्ही बसाल का रात्रभर? ससा काही रात्रीचा प्राणी नाही म्हणे, तो जास्त जागा असतो पहाटे आणि दिवेलागणीला. आणि आमच्याकडे बरोब्बर संध्याकाळीच स्वयंपाक, क्लास, टीव्ही म्हणून त्याला आत कोंडलेला असायचा!

मग पिंजरा दिला भंगारात आणि जाळीचं कुंपण आणलं, घडी होणारं, खाली जुनी योगा मॅट. संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत तो पूर्ण मोकळा, वायरी तेवढ्या उचलून ठेवायच्या (चार्जर दोन गेले, असो). झोपताना सुकं गवत भरपूर, दात आयुष्यभर वाढतात त्यांचे, त्यामुळे चावायला काहीतरी लागतंच. मी आधी लसूणघास (गुरांना घालतात तो हिरवा चारा) देत होते, डॉक्टर म्हणाले त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला रोज नको. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली धातूची गोळी तो चाटताना टकटक वाजायची, तिच्याऐवजी जड वाडगा ठेवला. आणि कितीही वाजवू दे, उठायचं नाही. पहिल्या चार रात्री तर त्याने जास्तच धिंगाणा घातला, आता तारा नाहीत तर जाळी, नवरा कानात कापूस घालून झोपला. पाचव्या रात्री कमी झालं.

नसबंदीपण केली सातव्या महिन्यात. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायचं ना असं मी विचारलं तर नाही म्हणाले, सशाला उलटीच होत नाही आणि उलट पोट रिकामं राहिलं तर धोका. नंतर सोफ्यावर मुतणं बंद व्हायला महिनाभर गेला.

पाय आपटणं मात्र थांबेना. ससे तसं धोका वाटला की करतात, पण बंद हॉलमध्ये कसला धोका? एका रात्री अंधारात सोफ्यावर बसून राहिले. पावणेतीनला खिडकीच्या ग्रिलवरून एक बोका चालत गेला, रस्त्यावरच्या दिव्यामुळे त्याची ही एवढी मोठी सावली भिंतीवर, आणि भुऱ्या ताठ, कान वर, धप्प. मी इतके दिवस त्याला वेडा समजत होते आणि तो बिचारा आम्हाला सावध करत होता. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पुठ्ठा लावला. दिसतो भिकार, पण लावला.

आता रात्री फक्त गवत चावल्याची करकर येते. कुकरची शिट्टी झाली की अजून पाय आपटतो, त्यावर इलाज सापडलेला नाही, काकूंना तेवढं सांगून ठेवलंय.