डाव्या हाताचा गियर

घोटा मोडला तो मोटरसायकलवरून पडून नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटतं. धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन घरातलाच जिना उतरत होतो आणि शेवटची पायरी मोजायची राहिली. डावा घोटा, एक प्लेट, सात स्क्रू. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, मग चार महिने व्यायाम. सगळं जागेवर आलं, फक्त पंजा वर उचलणं परत आलं नाही. उजवा पंजा वीस अंश वर येतो, डावा जेमतेम पाच. चालायला तेवढं पुरतं. गियर टाकायला पुरत नाही.

मोटरसायकलचा पहिला गियर खाली आणि बाकीचे वर. म्हणजे बुटाचं टोक लिव्हरखाली सरकवून, घोट्यातून वर उचकटायचं. दिवसात दोनशे वेळा तरी. शिवाय सिग्नलला थांबलं की टेकतो तोही डावाच पाय, कारण उजवा ब्रेकवर असतो. रस्ता डावीकडे उतरता असला तर सगळा भार त्या सात स्क्रूंवर. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका सिग्नलला माझी होंडा अशीच कलंडता कलंडता वाचली आणि घरी येऊन मी ती विकायला काढली. बायकोनं काही बोलायचं टाळलं. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

तीनचाकीचा विचार तिथून सुरू झाला. इथे रस्त्यावर कॅन-ॲम स्पायडर दिसते ती: पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये मोटरसायकलसारखी बैठक. २००७ मध्ये क्युबेकमधल्या वालकूरच्या कंपनीनं ती बाजारात आणली. हे गाव मुळात स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचं. पुढे दोन पट्ट्या, मागे एक फिरता पट्टा. त्यालाच चाकं लावली असावीत असं मला ती पाहताना नेहमी वाटतं. आपली रिक्षा नेमकी उलटी, पुढे एक आणि मागे दोन. रिक्षा वळणात ब्रेक मारला की का उचलते ते यात आहे: ब्रेक लागला की भार पुढे जातो आणि पुढे आधार एकाच चाकाचा. स्पायडरमध्ये भार जातो तिथेच दोन चाकं पसरलेली असतात. कॅलिफोर्नियात तीनचाकीला साधं कारचं, म्हणजे क्लास सी लायसन्स चालतं. हेल्मेट मात्र सक्तीचं.

गाडी ठरली, गियर ठरेना. जुन्या बाजारात दोन प्रकार मिळतात. एसएम म्हणजे मॅन्युअल: डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गियर. एसई म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक: क्लचची लिव्हरच नाही, डाव्या मुठीपाशी एक छोटी पट्टी, अंगठ्यानं पुढे ढकलली की वरचा गियर, तर्जनीनं मागे ओढली की खालचा. पहिल्या ९९० सीसीच्या गाड्यांना पाच गियर होते. २०१४ पासून तीन सिलिंडरचं १३३० सीसीचं इंजिन आलं, त्याला सहा.

तुम्ही म्हणाल, घोटा असा आहे तर यात ठरवायचं काय? खरंय. पण मी तीन महिने घातले. क्लच नसलेली मोटरसायकल म्हणजे मला ॲक्टिव्हा वाटायची. मी सांगलीत आरएक्स १०० वर वाढलेला माणूस. हाफ क्लचवर गाडी चढाला एका जागी तोलून धरणं हे आमच्या वयात कर्तृत्व होतं, आणि ते सहज सुटत नाही. टाचेनं दाबायचा गियर, आपल्या स्प्लेंडरला असतो तसा, बसवून घेता येईल का याचीही चौकशी केली. घोट्याला जे जमत नाही ते टाचेकडून करून घ्यायचं. मित्र म्हणाला, "अरे, पण क्लच तुला हवाय कशाला ते सांग ना." मला सांगता आलं नाही.

शेवटी दोन्ही चालवून बघायच्या ठरवल्या. आधी मॅन्युअल, हेवर्डच्या एका गृहस्थांकडची. पहिला धक्का गियरचा नव्हता, हँडलचा होता. दुचाकीवर वेगात डावीकडे वळायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलतो आपण. गाडी डावीकडे झुकते आणि वळते. इथे डावी मूठ पुढे ढकलली की गाडी सरळ उजवीकडे. तीनचाकी झुकतच नाही. हँडल वळेल तिकडे ती जाते, आणि तुम्ही बाहेरच्या बाजूला फेकले जाता. चाळीस वर्षांची सवय पहिल्या दोन वळणांत उलटी पडली. दुसरा धक्का ब्रेकचा. उजव्या हाताला ब्रेकची लिव्हरच नाही. तिन्ही चाकांचा ब्रेक उजव्या पायाखाली. पहिल्या स्टॉप साइनला माझी चार बोटं हवेत मिटली आणि गाडी थांबली तेव्हा पुढची चाकं पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे होती.

गियरचं म्हणाल तर पहिला, दुसरा, तिसरा ठीक गेले. पाय टेकायचा नाही म्हटल्यावर निम्मं दुखणं गेलंच होतं. पण परतीला ८८० फ्रीवेवर ट्रॅफिक लागला. ही गाडी दुचाकीसारखी दोन लेनच्या मधून निघत नाही, ती कारइतकीच अडकते. पहिला, दुसरा, पहिला, न्यूट्रल, पहिला. तिसऱ्या मैलाला बुटाचं टोक लिव्हरखाली जायचं, पण वर यायचं नाही. मी अख्खी मांडी उचलून गियर टाकत होतो. एकदा दुसऱ्याऐवजी न्यूट्रलच पडला आणि इंजिन रिकामंच किंचाळलं. बाजूच्या कारमधल्या पोरानं अंगठा वर केला. त्याला वाटलं मी मुद्दाम करतोय.

एसई६, म्हणजे सहा गियरची एसई, मिळाली ती लिव्हरमोरला. मालक सत्तरीचे, आता पाठीमुळे विकत होते. किल्ली देण्याआधी त्यांनी मला दहा मिनिटं नुसतं बसवलं. "ही ऑटोमॅटिक नाही," ते म्हणाले. "वर तूच न्यायची. खाली ती स्वतः येईल, पण तिच्या भरवशावर राहू नकोस."

याचा अर्थ मला पुढच्या महिन्याभरात कळला. वरचा गियर गाडी आपणहून कधीच टाकत नाही. पहिल्या दिवशी मी मिशन बुलेवार्डवर इंजिन ओरडत असताना तिसऱ्यातच चाललो होतो, कारण डावा पाय मोकळा म्हटल्यावर डोक्यानं गियर हा विषयच बंद केला होता. वेग कमी करत आलात आणि इंजिनचे फेरे ठरावीक मर्यादेखाली गेले की मात्र ती एकेक गियर स्वतः उतरवते, थांबेपर्यंत पहिल्यात येते. शहरात हे सुख आहे. घाटात नाही. नाइल्स कॅन्यनमधून पालोमारेस रोडला वळलं की अरुंद, वळणावळणाचा चढउतार लागतो. तिथे तुम्ही चौथ्यातच वळणात शिरलात तर गाडी तिच्या सवडीनं, बरोब्बर वळणाच्या पोटात गियर उतरवते. इंजिन अचानक मागे ओढतं आणि मन दचकतं. म्हणून वळणाच्या आधीच तर्जनीनं दोनदा ओढायचं: टक, टक. मग वळणात फक्त हँडल आणि रेस. वर जाताना तर रेस कमीही करायची नाही. अंगठा दाबला की संगणक क्षणभर इंजिनचा जोर तोडतो, गियर बसतो, जोर परत. पहिल्यांदा रेस न सोडता गियर टाकायला माझं मन धजेना. आतून कुणीतरी म्हणत होतं, दात मोडतील.

क्लच आहे, फक्त आपल्या हातात नाही. गाडी उठवायला सेंट्रिफ्युगल क्लच, लुना-ॲक्टिव्हात असतो त्याच जातीचा: फेरे वाढले की आतली वजनं बाहेर फेकली जाऊन पकड घेतात. फेरे कमी, तर पकड नाही. यात एसईचं दुखणं आहे, आणि एसई विकणारे ते आवर्जून सांगत नाहीत. चढावर ब्रेक सोडून रेस द्यायला उशीर झाला की गाडी गियरमध्ये असूनही मागे येते. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता आहे. गाडी घरात घालताना शेवटचे चार फूट गॅरेजच्या फ्रिजपर्यंत इंच इंच न्यायचे असतात. मॅन्युअलवर हे हाफ क्लचचं काम, लोण्यासारखं. एसईवर थोडी रेस दिली तर काहीच होत नाही, अजून थोडी दिली तर ती एकदम झेप घेते. फ्रिजच्या दाराला एक पोचा आहे. आठवडाभर रोज अर्धा तास त्या चार फुटांवर घालवला तेव्हा युक्ती सापडली: उजवा पाय ब्रेकवर ठेवूनच रेस द्यायची, गाडीनं ओढ घेतल्याची थरथर पायाला लागली की ब्रेक केसभर सैल करायचा. वेग रेसनं नाही, ब्रेकनं ठरवायचा. म्हणजे हाफ क्लचच, डाव्या हातातून उजव्या पायात आलेला. अजून मला तो मॅन्युअलइतका नाजूक जमत नाही. साडेतीनशे किलोंच्या वरची गाडी आहे, फाजील विश्वास परवडत नाही.

आणि इंजिन बंद केलं की पकड सुटते. मॅन्युअल गाडी उतारावर पहिल्या गियरमध्ये टाकून बंद केली की उभी राहते, हे आपल्या हाडात असतं. एसईला पार्किंग ब्रेक लावावाच लागतो. हे मी कागदावर वाचलं होतं, मालकांनीही सांगितलं होतं. तरी दुसऱ्या रविवारी ड्राइव्हवेत गाडी पहिल्यात बंद केली, हेल्मेट काढत घराकडे वळलो आणि मागे काहीतरी गडगडलं. गाडी संथपणे रस्ता ओलांडून समोरच्या सरदारजींच्या कचऱ्याच्या डब्यांना टेकली होती. हिरवा डबा आडवा, त्यातलं सगळं कापलेलं गवत रस्त्यावर. नशीब, रस्ता रिकामा होता.

सरदारजी बाहेर आले. पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. दोघांनी मिळून गवत गोळा केलं. मी क्लचची रामकहाणी सांगितली, तर हसायलाच लागले. "भाईसाब, अब ट्रक में भी क्लच कहाँ रहा!" नवे ड्रायव्हर ऑटोमॅटिकवर परीक्षा देतात, मग लायसन्सवर मॅन्युअल चालवायची बंदी छापून येते, असं म्हणाले. त्यांना स्वतःला कंपनीनं बिनक्लचचा ट्रक दिला तेव्हा पहिले दोन महिने डावा पाय रिकामा फरशीवर आपटत होता. "फिर?" मी विचारलं. "फिर घुटना ठीक हो गया."

कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. पिंक स्लिपवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, दोघांच्या सह्या, दहा दिवसांच्या आत डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, नोंद, तिथेच कर. गाडीचं एक सांगतो: एसई घेणार असाल तर तेलाकडे मॅन्युअलपेक्षा जास्त बघा. तिचा गियर तेलाच्या दाबावर बदलतो, त्यासाठी इंजिनपेक्षा वेगळा एक फिल्टर असतो. जुनी गाडी घेताना तो कधी बदलला हे विचारा. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकांनी वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. बाकी घासाघीस करायची माझी हिंमतच झाली नाही.

पहिली लांब फेरी ऑक्टोबरात केली. डंबार्टन पूल ओलांडून ८४ नंबरच्या रस्त्यानं वुडसाइड, वर स्कायलाइन, खाली ला होंडाच्या रेडवुडच्या झाडांतून समुद्राकडे. रेडवुडांच्या सावलीत रस्ता ओला होता. दुचाकीवर असतो तर खांदे आवळले असते. टक, टक, वळण, अंगठा. तासाभरानं लक्षात आलं की घोट्याची आठवण आली नव्हती. आणि हेही, की डाव्या मुठीतून गियर टाकायला माझा हात काही नव्यानं शिकत नव्हता. आप्पांची चेतक! क्लच दाबायचा आणि मूठच फिरवायची. सोळाव्या वर्षी मी पहिला गियर पायानं टाकलाच नव्हता, डाव्या मनगटानं टाकला होता. आरएक्स १०० नंतरची. तीन महिने मी ज्याचा अभिमान धरून बसलो होतो ते माझं पहिलं शिक्षणसुद्धा नव्हतं.

हे आप्पांना सांगायलाच हवं होतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर फोन घेऊन गॅरेजमध्ये गेलो. ते ब्याऐंशीचे आहेत, पण गाडी म्हटलं की चष्मा लावतात.

"पुढं दोन चाकं? उलटी रिक्षा झाली की."

"होय. आणि गियर बघा कुठाय." अंगठ्यानं दाखवला.

"मुठीत! चेतकसारखा. क्लच?"

"क्लच नाही आप्पा."

ते थोडे गप्प झाले. "मग चढाला कशी धरतोस?"

इतक्या लोकांनी मला या गाडीबद्दल विचारलं, हा प्रश्न एकट्या त्यांनी विचारला. मी ब्रेकचं सांगितलं. ओढ घेतल्याची थरथर पायाला कशी कळते तेही सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते.

"बरं. आणि ॲव्हरेज काय देते?"

"लिटरला पंधरा."

"पंधरा?" आप्पांनी चष्मा काढला आणि फोन आईकडे दिला.