हिरवं इरकल पिवळं उतरलं

वैशाखातली दाट तिथ, सांगली-तासगाव रस्त्यावरचं लॉन, माझा फोटो बूथ तीन तासांसाठी भाड्यानं. फोटो बूथच्या धंद्यात उतरणाऱ्याला हे तीन तास फसवतात. अक्षता पडेपर्यंत कुणी फिरकत नाही. अक्षता पडल्या की निम्मं वऱ्हाड पंगतीला आणि निम्मं आपल्यापुढे. खरं काम सव्वा तासाचं. उभं राहणं, ५ सेकंदांची उलटी मोजणी तीनदा, बाहेर पडणं, असं एका गटाला दीड मिनिट लागतं. डाय-सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं रंग कागदावर उतरवणारा, प्रिंटर ४×६ इंचांचा फोटो १२-१३ सेकंदांत देतो, पण आपल्याकडे सगळी भावकी एका फोटोत येते आणि १२ जणांना १२ प्रती हव्या असतात. अडीच मिनिटं तिथंच गेली. ‘हव्या तेवढ्या प्रिंट’ म्हणून बुकिंग घेणाऱ्यांनी या भागात घातक सवय लावून ठेवलीय; माझ्या मशीनचा रोल ७०० प्रिंटला संपतो. मी गटामागे दोन प्रती आधीच लिहून घेतो, बाकीच्यांना क्यूआर कोडवरून मोबाइलवर. नफा टिकतो तो इथं. तुळशीचं लग्न ते आषाढ एवढाच आपला हंगाम, आणि गुंतवणूक त्यातल्या मोजक्या तारखांवर फेडायची असते.

त्या दिवशी लॉनवाल्यानं सांगितलं होतं, “लाइट गेली तरी जनरेटर आपोआप उचलतो, दादा.” उचलतो, पण आठ-दहा सेकंदांनी. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॉट. छापताना प्रिंटर एकटाच ३०० वॉटच्या आसपास ओढतो, म्हणून यूपीएसवर लॅपटॉप आणि कॅमेरा, प्रिंटर थेट लायनीवर. चूक तिथं होती.

हिरव्या इरकलातल्या एक आजी नातवंडांसोबत उभ्या राहिल्या. त्यांची प्रिंट चालू असतानाच लाइट गेली. हा प्रिंटर कागद चार वेळा पुढंमागं नेतो: आधी पिवळा, मग मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, मग सायन म्हणजे आकाशी निळा, शेवटी वरचा पारदर्शक थर. लाइट आल्यावर त्यानं अर्धवट कागद बाहेर टाकला. सायन उतरलाच नव्हता. हिरवं इरकल पिवळं, पोरांचे काळे केस तांबडे, चेहरे लालसर. आजींनी तो हातात घेतला. “ऱ्हाऊ दे रं, हळदीचाच रंग आलाय.”

मी त्यांना थांबायला सांगितलं. फोटो लॅपटॉपमध्ये सुरक्षित होता. पण प्रिंटरच्या रांगेत आधीच सोडलेल्या १७ प्रिंट अडकल्या होत्या आणि प्रिंटर जागेवर येताच त्याच सुटायला लागल्या. त्यात मीटर लावला तर जनरेटरवर २३०च्या जागी १८५ व्होल्ट, तो चिंतेचा वेगळाच विषय. मी वायर बदलत बसलो. प्रिंटरची रांग थांबवून आजींचा फोटो वर घ्यायला हवा होता. १३ सेकंदांचं काम. तेवढ्यात जतकडची वऱ्हाडाची बस सुटली.

आता १ केव्हीएचा, म्हणजे १००० व्हीएचा, शुद्ध साइन वेव्ह यूपीएस आहे; तो लायनीसारखीच वीज देतो. प्रिंटर, लॅपटॉप, कॅमेरा त्यावर. दिवे थेट लायनीवर, कारण दिवे विझले तर थांबता येतं, प्रिंट अर्धवट थांबवता येत नाही. सॉफ्टवेअरमधली आपोआप प्रिंटही बंद केलीय, प्रत्येक प्रत मी हातानं सोडतो.

त्या कागदावर चौथा थरही नव्हता. तो नसला की रंग बोटाच्या घामानं पुसट होतात, उजेडानं लवकर उडतात. बसमध्ये चढताना आजींनी तो घडी न घालता पदराखाली धरला होता.