कोकणकड्यावर काउंट एकाने कमी आला तेव्हा

हरिश्चंद्रगडावर जाऊन आलेल्या कुणालाही वाटेबद्दल विचारा, पाचनईची चढण सांगेल, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी लांबलचक वाट सांगेल, आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने आला असेल तर मग तासभर तेच. पण मंदिरापासून कोकणकड्यापर्यंतचा जो अर्ध्या तासाचा जवळजवळ सपाट तुकडा आहे ना, त्याबद्दल कुणीच काही बोलत नाही, कारण तिथे दम लागत नाही. माझ्या कामातला सगळ्यात वाईट पाऊण तास मी त्याच तुकड्यावर काढलाय.

मी ट्रेक लीडर आहे, नऊ वर्षं झाली. गोष्ट चार वर्षांपूर्वीची, सप्टेंबरचा शेवटचा रविवार. तेव्हा मी ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांनी 27 जणांची बॅच घेतली होती आणि तिसरा लीडर येणार नाही हे शुक्रवारी कळूनही एकाचंही बुकिंग कमी केलं नव्हतं. मी आणि माझा एक सहकारी, दोघंच, सोबत पाचनईचे मामा. दोन लीडरवर एवढे लोक नको हे मी तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, ते अजून सलतं.

रात्री पाचनईत मामांकडे मुक्काम करून पहाटे साडेचारला निघालो. अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात तो डोक्यावर आलेला कातळ, त्याच्या पोटाखालून जाणारी वाट, वरून टपटपणारं पाणी, मग ओढा ओलांडून पुढे. पावणेसातला मंदिरापाशी पोचलो. काउंट घेतला, 27. चहा झाला. धुकं इतकं होतं की पुष्करणीच्या या काठावरून पलीकडच्या देवकोष्ठांची, म्हणजे मूर्तींसाठीच्या कोनाड्यांची, ओळ दिसत नव्हती.

आता तो सपाट तुकडा कसा आहे ते सांगते. मंदिरामागून पश्चिमेला निघालं की आधी थोडी झाडी, बारीकसारीक ओहोळ, कंबरेएवढी कारवी, आणि मग सगळं मोकळं होतं. कातळाचा माळ, मध्ये मध्ये गवत, त्या दिवसांत सोनकीने पिवळा झालेला. खरी पायवाट एकच आहे. पण गुरांच्या वाटा आहेत, त्या गुरांच्या सोयीने जातात, पाण्याकडे, चांगल्या गवताकडे, त्यांना कड्याशी काही देणंघेणं नाही. आणि पावसाळ्यात पायवाटेवर चिखल झाला की आपण लोक बूट खराब होऊ नयेत म्हणून कडेकडेने जातो, मागचा आपल्या मागे येतो, महिनाभरात तिथे दुसरी वाट पडते. शिवाय कुणी फोटोसाठी आडवं गेलेलं असतं, कुणी तंबूसाठी. ऊन असताना याने काहीच बिघडत नाही, समोर दिसतंय, चाला. धुक्यात मात्र सगळ्या वाटा सारख्याच खऱ्या वाटतात.

साडेसातच्या सुमाराला आम्ही कड्यापासून बऱ्याच अंतरावर थांबलो, सगळ्यांना खाली बसवलं. माझा नियम आहे, कड्याच्या धारेवर कुणीही उभं राहायचं नाही, पोटावर झोपून पुढे सरकायचं, एका वेळी दोघं, मागून पाय धरायला माणूस. लोकांना आधी हे जरा अति वाटतं. पण कोकणकडा नुसता सरळ तुटलेला नाहीये, तो आतल्या बाजूला खोबणीसारखा वळलाय, नागाच्या फण्यासारखा, वरचा ओठ पुढे आणि पोट आत, आणि घोड्याच्या नालेच्या आकारात दोन्हीकडे वळत गेलेला. कडा साधारण 1800 फुटांचा सांगतात आणि त्याच्या पायथ्यापासूनही कोकण अजून बरंच खाली. म्हणजे तुम्ही धारेवर उभे असता तेव्हा तुमच्या पायाखाली काय आहे ते तुम्हाला दिसतच नाही. काही नसतं.

हे सगळं सांगून झालं आणि मी काउंट घेतला. 26.

परत घेतला. 26. सहकाऱ्याला घ्यायला लावला, त्याचेही तेवढेच.

कोण नाहीये हे कळायला दोन मिनिटं गेली कारण बॅचमधले लोक एकमेकांना ओळखत नव्हते. मग एक मुलगी म्हणाली, ते निळ्या रेनकोटवाले काका. साठीचे, नुकतेच रिटायर झालेले, एकटेच आले होते. बसमध्ये माझ्या शेजारी बसून त्यांनी मला इंद्रवज्राबद्दल, म्हणजे धुक्यात दिसणाऱ्या पूर्ण गोल इंद्रधनुष्याबद्दल, इतकं विचारलं होतं की मला बरं वाटलं, एवढा अभ्यास करून फार कमी लोक येतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या गडावरून पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याबद्दल लिहिलेलं 1835 साली छापून आलं हे त्यांना माहीत होतं. ते दिसेल का हो ताई, असं त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं की नशीब लागतं काका.

झालं होतं असं की वाटेत एका मुलाच्या बुटाचा सोल निघाला. पावसाळी ट्रेकला हे प्रत्येक बॅचमध्ये एकदा होतंच. शेवटी चालणारा माझा सहकारी तो सुतळीने बांधत बसला आणि पुढच्या लोकांत आणि त्याच्यात गॅप पडला. काका त्या गॅपमध्ये होते. पुढचे दिसत नाहीत, मागचे दिसत नाहीत, आणि समोर एका दगडावर पांढऱ्या रंगाचा पुसट बाण, उजवीकडे.

26 जणांना सहकाऱ्याच्या ताब्यात दिलं, कुणीही जागेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि मी आणि मामा मागे फिरलो. शिट्टी वाजवली, तीनदा. थांबले. लांबून "ओ" आली. जीवात जीव आला, पण लगेचच दुसरी "ओ" आली, दुसऱ्या बाजूने. पुन्हा शिट्टी, पुन्हा दोन्हीकडून उत्तर. कडा नालेसारखा वळलेला असल्याने आवाज एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूवर आपटून परत येतो, एरवी आम्ही लोकांना मुद्दाम ओरडायला लावून ते ऐकवतो, गंमत म्हणून. त्या दिवशी त्या आवाजाने माझे पाय लटपटायला लागले कारण एक गोष्ट नक्की होती, आवाज कड्यावर आपटतोय म्हणजे काका कड्याच्या जवळ आहेत.

मी हाका मारत पळायला लागणार तेवढ्यात मामांनी माझा हात धरला. म्हणाले, "ताई, तुमी नका बोलू. मला बोलू द्या." आणि मग त्यांनी धुक्यात ओरडून विचारलं, "काका, वारं कुठनं लागतंय?"

मला क्षणभर कळलंच नाही. तिकडून काही उत्तर नाही. मामा परत, एक एक शब्द सुटा सुटा करून, "तोंडावर वारं लागतंय का? खालून लागतंय का वरून?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. खालून.

"बसा! आहे तिथं बसा खाली! हात टेका जमिनीला! एक पाऊल टाकू नका, आम्ही येतोय!"

कोकणातून येणारा वारा त्या अर्धगोल भिंतीवर आदळतो, त्याला पुढे जायला जागा नसते, मग तो भिंतीला धरून सरळ वर चढतो. कड्याच्या धारेवर तो खालून हनुवटीला लागतो, गवताची पाती वर उडवतो. लोकांना हे माहीत असतं ते वेगळ्याच कारणाने, कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते म्हणून ते कागद नाहीतर रिकाम्या बाटल्या टाकून बघतात, आणि मग त्यातल्या निम्म्या खाली दरीत जातात, ज्या कधीच कुणी उचलणार नाही. मला त्याचा मनापासून राग येतो. पण मामांसारख्या माणसाचं आयुष्य गुरांमागे याच माळावर गेलंय, त्यांना धुक्यात धार कुठे आहे ते वाऱ्यावरून कळतं. नंतर मी त्यांना विचारलं की नेहमी कळतं का. म्हणाले, "नाय, वारं पडलेलं असलं तर न्हाय कळत. मग धुकं सरंपर्यंत बसून ऱ्हायाचं. घाई कुनाला हाये."

पांढऱ्या बाणापाशी आलो. तिथून उजवीकडे गुरांची वाट जाते, चिखलात बुटाचा ताजा ठसा होता. मामा पुढे, मी मागे, दोघांत दोरीचा तुकडा. मध्ये मध्ये मामा काकांना बोलतं ठेवत होते, गाव कुठलं, मुलं किती, जेवण काय आवडतं. काका उत्तरं देत होते, प्रत्येक उत्तर थोडं थोडं जवळून यायला लागलं आणि दुसऱ्या बाजूचा प्रतिध्वनी मागे पडत गेला. आणि मग माझ्याही हनुवटीला खालून गार वारा लागला.

उजव्या सोंडेवर सोनकीत बसले होते, दोन्ही हात जमिनीत रोवून. टोपी त्यांच्या मागे पाच-सहा फुटांवर पडली होती. मला वाटलं रडतील, नाहीतर चिडतील, दोन्ही मी पाहिलेलं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, मला दिसलं."

मामांनी आधी त्यांना हाताला धरून मागे आणलं, चांगलं तीसेक पावलं, मग आम्ही बसलो आणि त्यांनी सांगितलं. चालता चालता पाठीमागे उजेड झाला, समोर धुकं पांढरं फटक होतं आणि त्यात खाली एक सावली उभी, माणसाची, तिच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं. त्यांनी हात वर केला, सावलीने केला. नीट बघावं म्हणून ते दोन पावलं पुढे गेले तर ते पण पुढे गेलं. अजून पुढे गेले. तेवढ्यात वाऱ्याने टोपी उडाली, वर, आणि मागे जाऊन पडली. ती बघायला ते वळले, तोवर धुकं दाट झालं आणि सगळं गेलं. मग शिट्टी ऐकू आली.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला तो आजही येतो. इंद्रवज्र तसंच असतं. सूर्य बरोबर पाठीशी हवा, म्हणून या पश्चिमेकडच्या कड्यावर ते सकाळी दिसतं, समोर दरीत धुकं हवं, आणि बारीक थेंबांवर पडलेला उजेड जवळजवळ आल्या वाटेनेच मागे फिरतो. त्यामुळे प्रत्येकाला त्या गोलात मधोमध स्वतःचीच सावली दिसते, शेजारच्याला त्याची. आपण हललो की ते हलतं. ते कधीच जवळ येत नाही आणि ते कायम दरीच्या बाजूलाच असतं. लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत होते की नशीब असेल तर दिसेल, दिसलं तर जागचं हलू नका हे एकदाही सांगितलं नव्हतं. 27 जणांत ते फक्त काकांना दिसलं, आणि बसमध्ये मी त्यांना एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर ते थांबले असते.

बाकीच्यांकडे परत आलो तेव्हा काही जणांनी टाळ्या वाजवल्या, एक जण उशीर झाला म्हणून नाराज होता. साडेनऊला धुकं फाटलं. पूर्ण कडा एकदम समोर आला, लाव्ह्याचे थरावर थर, सह्याद्रीचा हा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यावरून ढगाच्या चिंध्या वर चढत होत्या. लोक पोटावर झोपून बघत होते. मी उलट्या दिशेला बघत होते, माळाकडे. थोड्या उंच कातळावर उभं राहून मी वाटा मोजल्या. कंगवा फिरवल्यासारख्या आठ रेघा गवतातून येत होत्या, आठातल्या तीन थेट धारेपर्यंत. त्यातली एक तर आमच्याच बॅचेसनी मागच्या पावसाळ्यात पाडलेली, चिखल टाळायला, मला आठवत होतं कुठल्या वळणावर ते.

खाली मामींनी पिठलं-भाकरी केली होती. मी जेवले नाही नीट.

त्या कामाच्या जागेवर मी फार दिवस राहिले नाही. नोव्हेंबरमध्ये मात्र मी, तो सहकारी, मामा आणि गावातली दोन पोरं वर गेलो. अभयारण्य आहे, रंग मारायचा नाही, खणायचं नाही, म्हणून नुसते सुटे दगड. आपल्या पायांनी पडलेल्या दोन वाटांच्या तोंडाशी ढीग रचले. तिसऱ्या वाटेवर मी दगड ठेवायला गेले तर मामा म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या, गायांची हाये, त्यांना पान्यावर जायला लागती." मग तिथे ढीग न करता खऱ्या वाटेच्या बाजूला लगोरीसारखे दगड रचले, अशा तीन लगोऱ्या, एकीपासून पुढची दिसेल अशा. पांढरा बाण काढलेला तो दगड छोटाच होता, पोरांनी उलटा केला. दर पावसाळ्यात दोन-तीन लगोऱ्या ढासळतात, आम्ही परत लावतो. आणि आता माळावर शिरण्याआधी मी प्रत्येक बॅचला थांबवते, वारा आणि सावली दोन्ही समजावून सांगते, मगच पुढे.

काका पुढच्या वर्षी जानेवारीत परत आले, यावेळी मी स्वतः घेतलेल्या बारा जणांच्या बॅचमध्ये. आकाश स्वच्छ होतं, खाली बेलपाड्याची घरं मोजता येतील इतकं. मला म्हणाले, ती जागा दाखवा. मी दाखवली. ते जिथे बसले होते तिथे उभे राहिले, मी त्यांची सॅक मागून घट्ट धरली, आणि ते एक एक पाऊल मोठ्याने मोजत कड्याच्या दिशेने चालायला लागले. अकराव्या पावलाला मी सॅक मागे ओढली. मग ते पोटावर झोपले, मान पुढे काढून बराच वेळ खाली बघत राहिले, आणि उठून बसल्यावर त्यांनी पाणी मागितलं.